साबणाला फेस का येत नाही

“सर, तेवढं तिला बोलाया लावू नगा. ल्ह्यायला काय पन द्या.”

हिंदुराव खुर्चीच्या कडेवर टेकून विनवत होते. मोडनिंबहून सकाळच्या एसटीनं लेकीला घेऊन ते शहरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या या कॉलेजात आले होते. ऋतुजा त्यांच्यामागं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. लेखी परीक्षेत वर्गात पहिली. पण आदल्या आठवड्यात फळ्यापाशी उभी राहिली आणि पहिल्याच इंग्रजी वाक्यावर अडली. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. तेव्हापासून ती कॉलेजात आलीच नव्हती; कॉलेजच सोडते म्हणत होती.

रसायनशास्त्राचे सोमशेखर सर ऐकत होते. यंदापासून सगळ्याच विषयांत प्रत्येक विद्यार्थ्यानं एक भाग वर्गासमोर समजावून सांगायचा, हे त्यांनीच हट्टानं सुरू करायला लावलं होतं. “बोलणं शिकवायला इंग्रजीचा विभाग आहे की,” असं सहकारी कुरकुरले, तेव्हा ते म्हणाले होते, “आपली पोरं मुलाखतीला जाऊन मुकी परत येतात. त्यांना विषय येतो, पण येतो हे समोरच्याला कळतच नाही.” आणि आता त्यांच्या हट्टापायीच एक हुशार मुलगी कॉलेज सोडायला निघाली होती.

“बरं, वर्गाचं राहू दे,” ते म्हणाले. “ऋतुजा, तुमच्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस का येत नाही, ते वडिलांना सांग. घरी बोलतेस तसं.”

तिनं बोटाची ओढणी सोडली. मग म्हणाली, “आप्पा, त्या पान्यात कॅल्शियम असतंय, मॅग्नेशियम असतंय. साबण आधी त्येलाच चिकटतोय. त्येचा साका, गाळ होतोय. फेस कराया साबण उरतच न्हाय.”

“मग तुरटी फिरवली तर?” हिंदुरावांनी विचारलं.

“तुरटीनं गढूळपना बसंल. इरघळल्यालं कसं बसंल?”

“आन उकळलं तर?”

“थोडं जातंय. पातेल्याच्या बुडाला पांढरं धरतंय की, त्येच ते. पन सगळं न्हाय जात.”

“आसं कसं? तुझी आई तर म्हनती...”

“आईला काय ठावं? मी सांगती की!”

हिंदुरावांनी चमकून लेकीकडं पाहिलं. लेकीचा असला आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. निघताना दारात थांबून ते एवढंच म्हणाले, “सोमवारी येतीय ती.”

सोमवारी ऋतुजा फळ्यापाशी उभी राहिली. गावच्या बोलीतच सुरुवात केली. मागून पुन्हा तेच हसू. ती थांबली. शेवटच्या बाकावर बसलेल्या सरांनी उठायचा मोह कसाबसा आवरला.

“हसतोस काय?” ती म्हणाली. “तुझ्या घरात येतोय व्हय फेस?”

सगळा वर्ग खदखदून हसला, हसणाराही हसला. मग तिनं समीकरण फळ्यावर मांडलं आणि तेच सगळं इंग्रजीत सांगितलं. अडखळत, शब्द शोधत. पण शास्त्रात कुठंही चूक नाही. वर्गातल्या अक्कलकोटच्या प्रभूनं शंका काढली, एका मुलीनं आणखी एक काढली. ऋतुजा एकेका शंकेला उत्तर देत राहिली.

तास संपल्याची घंटा झाली. कुणी उठलं नाही. पुढच्या तासाच्या मॅडम दारात आल्या. सोमशेखर सर हलकेच त्यांच्यापाशी गेले.

“जरा थांबता का, मॅडम?” ते हळू आवाजात म्हणाले. “माझी विद्यार्थिनी बोलतेय.”

आणि दाराची कडी हातात धरून ते तिथंच ताठ उभे राहिले.