ह्या खेपेला समुद्र

मित्रांनो, कुणी जुना म्हटलं की तुम्ही लगेच मोडीत काढायची भाषा करता. जरा दमानं घ्या. मी पितळेचा आहे, पत्र्याचा नव्हे. फिरकीचा तांब्या म्हणतात मला. माझं झाकण गोल फिरवलं की असं गच्च बसतं, की मला उलटा धरून गदागदा हलवलात तरी पाण्याचा थेंब सांडायचा नाही. वर धरायला कडी आहे, आणि झाकण काढून हातात घेतलं की त्याचंच फुलपात्र होतं. तुमच्या त्या रंगीबेरंगी बाटल्यांत आहे का कुणाची ही धमक? मुक्काम उचगाव, म्हणजे कोल्हापूरचा उंबराच म्हणा.

माझा जन्म कोल्हापुरातल्या एका तांबटाच्या दुकानात झाला. त्यानं मला एवढं ठोकलं, एवढं ठोकलं की विचारू नका. टाकीचे घाव सोसले की देवपण येतं म्हणतात. मला देवपण नको होतं, पाणी नीट धरता आलं तरी पुष्कळ होतं. मग एक दिवस उचगावचे गुंडूबा दुकानात आले. त्यांना डिसेंबरात चैत्यभूमीला जायचं होतं, मुंबईला, पहिल्यांदाच. त्या काळी वाटेत कुणाच्या दारात पाणी मागितलं तर आधी जात विचारत, आणि मग लांबूनच वरनं ओंजळीत पाणी ओतत. गुंडूबांनी ठरवलं होतं, मागायचंच नाही. आपलं पाणी आपल्या तांब्यात. त्यांनी मला निरखून घेतलं, आत पाणी भरून उलटं केलं आणि तांबटाला म्हणाले, "ह्यावर माझं नाव घाल." माझ्या पोटावर ते नाव अजून ठसठशीत आहे. हात फिरवून बघा हवं तर.

गुंडूबांच्या मागं त्यांचा मुलगा बाबासो मला दरसाल मुंबईला नेऊ लागला. बाबासो फौंड्रीत कामाला होते. आवाज असा खणखणीत की शेजारच्या गल्लीतली कुत्री उठून बसायची. बरोबर त्यांची बायको सोनूबाई. मी तिच्या काखोटीला. भाकरी, खर्डा, सतरंजी आणि मी, एवढा आमचा संसार. अंगात पांढरे कपडे, तोंडात जयभीम, आणि मग ती रांग. काय सांगू तुम्हाला त्या रांगेचं! नागपूरची, नांदेडची, कुठली कुठली माणसं माझ्या फुलपात्रातून पाणी पीत आणि "तांब्या झकास हाय हो तुमचा" म्हणत. मी आपला ताठ. अभिवादन झालं की बाबासो लगेच सोनूबाईचा हात धरून स्टेशनाकडं निघायचे. समुद्र तिथंच, हाकेच्या अंतरावर. त्याचा आवाज यायचा, खारा वारा यायचा. एकदा सोनूबाई म्हणाली, "अवं, जरा पाय भिजवून येऊ का?" बाबासो म्हणाले, "गाडी चुकंल. पुढल्या साली." मग दरसाल तेच. ती विचारायची, आणि उत्तर ठरलेलं, पुढल्या साली. पुढं पुढं तिनं विचारायचं सोडून दिलं.

गेल्या हिवाळ्यात मात्र बाबासोंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डिसेंबरातली मुंबई चुकली. ते असे खट्टू झाले की चार दिवस जेवणावर मन लागेना. मलाही फळीवर चढवून ठेवलं. माझ्या पोटात कुणी सुट्टी बटणं टाकली, कुणी रबरं टाकली. मी म्हणजे काय अडगळ वाटलो काय ह्यांना! विचारपूस करणारी एकच होती, नात अक्षता. वय अडीच वर्षं, उंची माझ्या फळीच्या निम्मी, आणि हट्ट घरभर. तिला माझ्याच झाकणातून पाणी लागायचं. दुसऱ्या भांड्यातलं पाणी ती सरळ जमिनीवर ओतायची. पोरीला माल कळत होता.

आणि मग फेब्रुवारीत, एका संध्याकाळी, प्रसेनजीत, म्हणजे बाबासोंचा मुलगा, चहा घेता घेता म्हणाला, "आबा, आपण सगळी मुंबईला जाऊया. सुट्टी काढलीया मी."

बाबासोंच्या डोळ्यांत पाणीच आलं. आता ह्यात घोटाळा कुठं झाला ते नीट ऐका. ह्या घरात 'मुंबईला जायचं' ह्या बोलण्याचा एकच अर्थ. गुंडूबांपासून एकच. बाबासोंना वाटलं, डिसेंबर चुकला म्हणून लेकानं आता गर्दी नसताना निवांत चैत्यभूमीला न्यायचं काढलं. आणि प्रसेनजीतच्या मनात काय? घाटाखाली एक मोठं पार्क आहे, पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, तिथं एक दिवस, आणि मग दोन दिवस मुंबईत समुद्रावर मजा. अक्षताची पहिली सहल!

बाबासोंनी सकाळी उठून सगळ्या गल्लीला सांगितलं. मग काय, घरात रीघ लागली. कृष्णात मामा मेणबत्त्यांचा पुडा देऊन गेले, "माझ्या नावानं लावा." बाळाबाईनं आणखी दोन दिल्या. बाबासोंनी पांढरा सदरा इस्त्रीला टाकला, मला फळीवरनं काढून चिंचेनं घासलं. मी असा चकाकलो की आरशाला लाज यावी. प्रसेनजीतला हे सगळं दिसत होतं, पण खरं सांगायचा धीर होईना. 'उद्या सांगतो, उद्या सांगतो' असं बायकोला म्हणत बसला.

त्याची बायको रूपाली दवाखान्यात नर्स. तिचं काम चोख. पार्कात लहान मुलांना कुठल्या पाळण्यात बसवतात, कुठल्यात नाही, हे तिनं फोन करून विचारलं होतं. दुपारी अक्षता झोपते, तेव्हा सावलीत बसायची सोय आहे का, तेही विचारलं. मेतकूट, मऊ भाताचे तांदूळ, जादा कपडे, उन्हाची टोपी, सगळं पिशवीत गेलं. आणि एक गुलाबी बाटलीही आली, बदकाच्या चोचीची. माझ्याजागी! म्हटलं, बघू किती टिकतीय ही बया.

शेवटी बिंग फुटलं ते असं. बाबासोंनी रूपालीला विचारलं, "पोरी, पांढरी साडी घेतलीस न्हवं?"

रूपाली आपल्या नादात होती. ती म्हणाली, "पार्कात पांढरं कशाला आबा? पाण्याच्या घसरगुंडीत मळंल की."

"कसली घसरगुंडी?"

अक्षतानं टाळ्या पिटल्या. "घचलगुंडी! मी बुंगऽऽ जानार!"

प्रसेनजीतनं मान खाली घालून सगळं सांगितलं. बाबासो ऐकत राहिले. मग त्यांचा आवाज चढला. "मुंबईला चैन करायला जायचं व्हय? माझा बा पोटाला चिमटा काढून गेलता तितं! मी गल्लीला काय तोंड दावू? ह्या मेणबत्त्यांचं काय करू?"

"तितं बी जाऊया की आबा," प्रसेनजीत म्हणाला. "समुद्राला लागूनच हाय. जाता जाता…"

"जाता जाता?" बाबासो उठून उभेच राहिले. "ते काय वाटंतलं हाटेल हाय, जाता जाता उरकायला? तुमी जावा. मी न्हाय येत. आणि ह्यो तांब्या बी न्यायचा न्हाय." त्यांनी मला स्वतःच्या पिशवीतनं काढलं आणि पुन्हा फळीवर नेऊन आदळलं. माझ्या बुडाला पोचा पडला, पण खरं सांगतो, त्याहून जास्त लागलं ते म्हाताऱ्याचा चेहरा बघून.

रूपालीचे डोळे भरले. ती पिशवीतले कपडे बाहेर काढू लागली. "ऱ्हाऊ द्या. आबा न्हाईत तर कुणीच नको."

तेव्हा सोनूबाई बोलली. इतका वेळ ती भाकरी थापत होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "पिशवी भर, रूपाली. मी जाणार हाय."

"कुठं?" बाबासो म्हणाले.

"समुद्राला." आवाज चढवला नाही तिनं. "अवं, मी दरसाल तुमच्यासंगं आले. पाय सुजलं तरी आले, प्रसेनजीत पोटात हुता तवा बी आले. वंदनात कधी कमी केलं का? न्हाय. पर समुद्र सारखा माझ्या पाठीमागं. तुमी म्हणायचासा, पुढल्या साली. माझं केस पांढरं झालं की हो त्या पुढल्या सालीत! मला काय पाळण्यात बसायचं न्हाय. एकदा पाय भिजवायचं हाईत, माझ्या नातीचा हात धरून. त्यात कसली आलीया चैन? आणि असंल चैन, तर असू दे. ह्या खेपेला मी चैन करणार."

आहा! माझं पितळ झणझणलं. वाटलं, असंच बोलावं माणसानं.

बाबासोंनी पायात चपला सरकवल्या. बाहेर जाऊन कट्ट्यावर बसले. अंधार पडायच्या आत परत आले, तर सोनूबाई स्टुलावर चढून मला काढत होती. "थांब, पडशील," असं म्हणत त्यांनी स्वतः मला खाली घेतलं. पडलेल्या पोच्यावर अंगठा फिरवला. मग माझ्याकडंच बघत, तिच्याकडं न बघता, म्हणाले, "चुकलं माझं. मला खरंच वाटायचं, पुढल्या साली नेऊ म्हणून." मग माझं झाकण घट्ट फिरवलं. "येतो मी. पर आधी वंदन, सगळं रीतीनं. उरकायचं न्हाय काय. मग तुजा समुद्र."

"मग काय, आधी वंदनच," सोनूबाई म्हणाली. "मी कुठं न्हाय म्हणलं?"

पार्काचं थोडक्यात सांगतो. दारावर भाकऱ्या अडवल्या, बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणून. बाबासो रखवालदाराशी भांडायच्या बेतात होते, पण तो निघाला आमच्याच कोल्हापूरकडचा, आजऱ्याचा. "पावणं, भाकरी हितंच बसून खाऊन घ्या, आणि लेकराचा तांब्या खुशाल न्या," म्हणाला. मग आमची पंगत दारातच बसली. आत अक्षतानं बदकाच्या बाटलीतलं पाणी बाबासोंच्या सदऱ्यावर ओतलं आणि माझ्या झाकणातून गटागटा प्यायली. मी आधीच म्हणालो नव्हतो? छोट्या आगगाडीत ती आजोबांच्या मांडीवर बसली, आणि गाडी वळली तेव्हा ओरडायला जास्त जोर कुणाचा होता ते मी सांगणार नाही. दुपारी पोरगी झाडाखाली गाढ झोपली. रूपालीनं सोय विचारून ठेवली होती, ती कामाला आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चैत्यभूमी. घाईगर्दी नाही, ढकलाढकली नाही. बाबासोंनी गल्लीतल्या एकेकाचं नाव घेऊन मेणबत्ती लावली. कृष्णात मामाची, बाळाबाईची, सगळ्यांची. सोनूबाईनं अक्षताचे इवले हात जोडून दिले. सकाळ तिथंच गेली, आणि कुणी घड्याळ बघितलं नाही.

मग आम्ही वाळूत उतरलो. समोर समुद्र, केवढा तरी! प्रसेनजीत आणि रूपाली अक्षताला घेऊन पुढं पळाले. सोनूबाई मात्र वाळूवर थांबली. मला छातीशी धरून उभीच राहिली. लाट पुढं यायची, मागं जायची, पण ही जागची हलेना. मला वाटलं, भ्याली. तेवढ्यात तिनं इकडं तिकडं बघितलं आणि बाबासोंना हळूच विचारलं, "अवं, रांग कुठनं हाय?"

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ ऐकलं, पण असं काळजाला भिडणारं ऐकलं नाही. आयुष्यभर मुंबईत रांगेतच उभी राहिलेली बाई. समुद्रालाही रांग असणार, असंच तिला वाटलं.

बाबासो हसले नाहीत. त्यांनी चपला काढल्या, पायजमा गुडघ्यावर ओढला. ऑपरेशनचा वण दिसला. बायकोचं नाव त्यांनी चारचौघांत कधी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. पण तेव्हा तिचा हात धरून ते म्हणाले, "अगं सोने, हितं रांग न्हाय. ही सगळी जागा तुजीच हाय. चल."

पहिली लाट पायांवरनं गेली तेव्हा सोनूबाई लहान पोरीगत किंचाळली. अक्षता पळत येऊन तिच्या पायांना बिलगली. मग आजी-नात दोघी लाटांना शिव्या घालत, नाचत, ओल्याचिंब झाल्या. बाबासो मला घेऊन त्यांच्याकडं बघत राहिले, हसत आणि डोळे पुसत. मग अक्षतानं मला हिसकावून घेतलं आणि माझ्या पोटात गच्च वाळू भरली. एवढा मानाचा तांब्या मी, आणि पोटात वाळू! पण त्या दिवशी कशाचंच वाईट वाटलं नाही.

तर मित्रांनो, आम्हा जुन्या भांड्यांना चिंच-मिठानं घासलंत, आतून वेळच्या वेळी कल्हई केलीत की आमचं भागतं. आमचं पोट काय भरलंय, काय रिकामं आहे, ते झाकण उघडलं की दिसतं. माणसांचं तसं नाही. सहलीचा बेत ठरवाल तेव्हा लहान पोरांना विचारता, कुठं जायचं? फार चांगलं करता. पण चुलीपुढं बसलेल्या आजीलाही विचारा, कोपऱ्यातल्या आजोबांनाही विचारा, 'तुम्हाला काय बघायचंय?' पहिल्यांदा 'काही नको' म्हणतील. तेवढ्यावर उठून जाऊ नका. पुन्हा विचारा, आणि त्यांनी सांगितलं की पुढल्या साली म्हणू नका.