चार बोटं फीत

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे, मित्रांनो. हसू नका. काळ्या डबीत गुंडाळलेली तपकिरी फीत, एवढाच माझा पसारा.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका दादाने मला कोरी विकत आणलं आणि टीव्हीवरच्या अंतराळ मालिकेचा एक भाग माझ्यावर उतरवून घेतला. त्यात ग्रीक पुराणातली ऑर्फियसची गोष्ट होती. मेलेल्या बायकोला तो पाताळातून परत आणायला निघतो, पण अट अशी, की वाटेत मागे वळून पाहायचं नाही. मालिकेत ऑर्फियस यानाचा कप्तान झाला होता आणि पाताळ म्हणजे एक अंधारा ग्रह. शेवटच्या पायरीवर कप्तान मागे वळतो आणि बायको कायमची नाहीशी होते.

पुढे वाहिनीकडचीही प्रत हरवली. मग काय, माझा भाव वधारला! दर रविवारी दुपारी दुकानामागच्या खोलीत मालिकेचे पाच-सहा वेडे जमायचे. "आल्या महाराणी," म्हणत छापखानेवाले काका मला रुमालाने पुसायचे. मी फुगून जायचे.

वाद एकच. कप्तान वळला तो बायकोने हाक मारली म्हणून, की त्यालाच धीर धरवला नाही म्हणून? तिचे ओठ हलले का? दादा म्हणे, हलले. त्याची धाकटी बहीण नर्स होती. ती म्हणे, मुळीच नाही. मग मला नेमकं तिथे थांबवून ठेवायचे, दहा-दहा मिनिटं. जितकं जास्त थांबवू तितकं स्पष्ट दिसेल, अशी त्यांची समजूत. पण मी थांबले तरी व्हीसीआरमधलं फीत वाचणारं हेड फिरतच असतं आणि त्या एकाच जागी मला घासत राहतं, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. मी झिजत होते आणि मला सांगता येत नव्हतं.

एका रविवारी दादा चिडून बोलून गेला, "तुला माणसांतलं काही कळतच नाही." बहीण तडक उठून गेली, ती सहा वर्षं फिरकली नाही. मंडळ पांगलं. मी कपाटात धूळ खात पडले. फार वाईट दिवस होते ते.

मागच्या रविवारी ती अचानक आली. दुसऱ्या दिवशी ती कायमची दूरच्या शहरी जाणार होती. "एकदा शेवटचं बघू," एवढंच म्हणाली. दोघं दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसली, मधे काका. अंधारा ग्रह आला, पायऱ्या आल्या. सवयीने दादाने त्याच जागी बटण दाबलं आणि कर्र असा आवाज झाला. व्हीसीआरने मला आत ओढून चुरगाळलं.

"प्लग काढ आधी!" बहीण ओरडली.

दादाने डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं आणि घड्याळाचा बारीक चिमटा आत घातला. बहिणीने टॉर्च धरला. काका श्वाससुद्धा जपून घेत होते. माझा जीव टांगणीला लागला होता.

"चार बोटं फीत पार गेलीय," दादा पुटपुटला. "तेवढी कापावी लागेल. नाहीतर सगळीच फाटेल."

"कुठली?"

दादाने डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं. "तीच गं. ओठांची. चिमे, मग कोण खरं ते कधीच कळायचं नाही."

"काप रे दादा," ती म्हणाली. "मी टॉर्च हलू देत नाही."

कात्री लागली. दुखलं, खोटं कशाला सांगू? दादाने टोकाला टोक जुळवून पट्टी लावली. पुन्हा चालू केलं, तर कप्तान पायरीवर पाठमोरा उभा, आणि लगेच पुढे तो एकटाच. मधलं काहीच नाही.

"घ्या," काका म्हणाले. "आता भांडा!"

आधी बहीण हसली, मग तिचे डोळे भरून आले. दादाने तो चुरगळलेला तुकडा कागदात गुंडाळून तिच्या हातात ठेवला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. त्यांची धूळ झटका, त्यांना हळू हाताने चालवा. आणि एकाच जागी फार वेळ अडवून ठेवू नका. तिथेच आम्ही झिजतो.

ती निघाली, तेव्हा दादा दारात उभा राहून म्हणाला, "चिमे, कोपऱ्यावर गेलीस की मागे वळून बघ हं. आपल्याला तसली काही अट नाही."

तिने पाहिलं. दोनदा.