श्वास रोखा

"अगं ए, सोडा म्हण की त्यांना! मारतेस का माझ्या माणसाला?"

बाई दारातून किंचाळली तेव्हा मी भानावर आले. काचेपलीकडे तिचा नवरा एक्स-रेच्या पाटीला छाती लावून, हनुवटी वर करून उभा होता. तोंड जांभळं पडलेलं. "श्वास घ्या, रोखा" म्हणून मी बटण दाबलं होतं. फोटो केव्हाच पडद्यावर आला होता. पुढचं "सोडा" मात्र माझ्या तोंडून निघालंच नव्हतं. डोळे टक्क उघडे ठेवून मी नुसती बसले होते.

"सोडा!" मी ओरडले. म्हातारा मटकन खाली बसला.

"अहो, जीव गुदमरतोय तर आपला आपण सोडायचा ना!" मी त्याच्यावरच खेकसले. चोराच्या उलट्या बोंबा.

"बसवर ड्रायव्हर होतो मी," तो धापा टाकत म्हणाला. "कंडक्टरनं घंटी दिल्याशिवाय गाडी हलवली नाही कधी."

त्याची बायको माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. आणि मला काय वाटलं सांगू? मेला असता तर रांगेतला एक कमी झाला असता. खरंच वाटलं. मग मात्र मी तशीच उठले आणि इन्चार्जकडे गेले.

गोड बोलून काम काढतो म्हणून त्याला आम्ही साखऱ्या म्हणतो. दोन जणी नोकरी सोडून गेल्या, त्यांच्या जागी कुणाला घ्यायचं सोडून यानं माझी पाठ थोपटली. 'तू आहेस ना, वाघीण!' वाघीण म्हणे. घाण्याचा बैल म्हणाला असता तर निदान खरं तरी बोलला असता मेला.

"मला रजा हवीय," मी म्हणाले. "आज माझ्या हातून माणूस गेला असता."

"फोटो तर झकास आलाय!" तो पडद्याकडे बघत म्हणाला. "अगं, थकतात सगळेच. चहा घे, पाच मिनिटं डोळे मिटून बस. रजेचं बघू."

"मशीन तापलं की लगेच बंद करायला लावता."

"मशीन महाग असतं गं!" स्वतःच्याच विनोदावर तो खो खो हसला.

मी अ‍ॅप्रन खुंटीला अडकवला आणि चालू लागले.

"नोकरी जाईल हं!"

"जाऊ दे खड्ड्यात."

घरी आईनं तोंड सोडलं. "या वयात कसला गं थकवा? मी नाही नोकरी, घर आणि तुम्हा दोघांना सांभाळलं?"

"आणि रोज आमच्यावर डाफरलीस."

मी झोपले. उठले, जेवले, पुन्हा झोपले. कितीतरी दिवस कुणाचा फोनही घेतला नाही. रडू आलं ते फार उशिरा, बादली भरताना, काही कारण नसताना. बादली वाहायला लागली तशी आईनं येऊन नळ बंद केला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "माझंही असंच झालं होतं गं," ती म्हणाली, "तेव्हा कुणाला सांगणार?"

नोकरी राहिली, कारण साखऱ्याला माझ्या जागी दुसरं कुणी मिळेना. प्रेम उतू चाललं होतं म्हणून नव्हे. जोडीला आणखी एक मुलगी आल्याशिवाय पाऊल टाकणार नाही, असं मी ठणकावलं. शेवटी तोंड वाकडं करून त्यानं ती आणली.

मग एक दिवस ड्रायव्हर पुन्हा फोटोसाठी आला. मी हात जोडून माफी मागितली.

"असू दे पोरी," तो म्हणाला.

त्याची बायको सरळ काचेच्या आत येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. "बाहेर थांबा" म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

"श्वास घ्या. रोखा." मी बटण दाबलं. "सोडा."

वेळेवर म्हणाले, अगदी स्पष्ट म्हणाले. तो हलला नाही.

"सोडा हो," माझ्या शेजारून त्याची बायको म्हणाली.

तेव्हा त्यानं श्वास सोडला.