एक उणा साठ

मित्रांनो, मी हाउजीचा एक जुना पुठ्ठा आहे. बसलेला धक्का अजून पचलेला नाही, म्हणून जरा अडखळतच सांगतो.

ठाण्यात नौपाड्यातल्या महिला मंडळाने साडीच्या खोक्यांतून आम्हांला कापलं. विमलाबाईंनी स्केचपेनने माझ्यावर पंधरा आकडे लिहिले. आकडा पुकारला की त्यावर चिंचोका ठेवायचा. पंधराही झाकले की फुल हाउस. सुरुवातीला माझे फार लाड झाले. पुढे मी नव्या सुनांच्या, पोरींच्या हाती जाऊ लागलो, आणि माझ्यावर फुल हाउस लागेचना. बायका मला ‘पनवती’ म्हणू लागल्या. मग तर मी कायम त्यांच्याच वाट्याला येई.

गेल्या शनिवारी विमलाबाईंचा शेवटचा खेळ होता. दुसऱ्या दिवशी त्या मुलाकडे टिटवाळ्याला कायमच्या जाणार होत्या. अकरा वर्षांत त्यांचं एकदाही फुल हाउस झालं नव्हतं.

“जाताना एकदा तरी होऊ दे गं बाई,” त्या म्हणाल्या.

त्यांची नात संचिता कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. तिने सगळे पुठ्ठे पसरले. “आजी, तुझ्या तिकिटातला एकही आकडा माझ्यात नको. म्हणजे तीस वेगळे आकडे आपल्याकडे. माझ्यावर लागलं तरी ते तुझंच.” शोधता शोधता तिने मला उचललं.

“अगं, ती पनवती आहे,” मंडळातल्या चित्राकाकू म्हणाल्या.

“काकू, प्रत्येक तिकिटाचा चान्स सेमच असतो.”

मी थक्क झालो. माझी बाजू आजवर कुणी घेतली नव्हती.

मंडळातलीच करिश्मा आकडे पुकारू लागली, मंडळाच्या नियमाप्रमाणे मराठीत. माझे चौदा झाकले गेले. उरला ५९.

“एकोणसाठ,” करिश्मा म्हणाली.

संचिताचं बोट साठच्या ओळीत फिरलं, आणि मागे आलं. “नाहीये, आजी.”

मी ओरडणार कसा? पुठ्ठ्याला घसा नसतो. पुढच्याच आकड्याला चित्राकाकूंचं फुल हाउस झालं.

विमलाबाई माझ्यावर वाकल्या. “संचू, हा काय एकोणसाठ.”

“हे तर फिफ्टी नाइन आहे.”

“तेच ते. एक उणा साठ, पदराला गाठ. तू शोधत होतीस तो एकोणसत्तर, बाळ.”

मग एक सून हळूच म्हणाली, “मीपण साठच्याच ओळीत बघायचे.”

“मीपण,” दुसरी म्हणाली.

मी सुन्न झालो. माझं नशीब फुटकं नव्हतं, मित्रांनो. मला कुणी वाचलंच नव्हतं.

उशिरा सांगितलेलं फुल हाउस मंडळात धरत नाहीत. विमलाबाई टिटवाळ्याला गेल्या त्या न जिंकताच. म्हणून विनवतो, कुणाला पनवती म्हणण्याआधी, त्याची भाषा आपल्याला येते का, तेवढं बघा.