डाव्या बुटाचा तळ

मी एक बूट बोलतोय, जोडीतला डावा. उजवाही बोलू शकला असता, पण त्याचा या प्रकरणाशी फारसा संबंध नाही. मी सांगतो ते सगळं बरोबरच असेल असंही नाही. जमिनीलगत राहून जेवढं दिसलं तेवढं सांगतो.

बूट शिवणाऱ्या काकांनी आमच्या मालकिणीच्या पोटरीचं माप सात ठिकाणी घेतलं आणि आम्हाला गुडघ्यापर्यंत उंच शिवलं. घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धेत ती आमच्या काळात तीनदा विजेती झाली. फोटो पुष्कळ निघाले. बहुतेक गुडघ्यापाशी कापलेले आहेत.

लोकांना वाटतं, ही स्पर्धा घोड्यावर बसून जिंकतात. निम्मी ती पायी जिंकतात. सुरू होण्याआधी स्वार मैदानात उतरतात आणि दोन अडथळ्यांमधलं अंतर पावलांनी मोजतात. माणसाची चार पावलं म्हणजे घोड्याची एक ढांग. चांगले कपडे घातलेली माणसं आकडे पुटपुटत फिरतात, कुणी कुणाला ओळख देत नाही. या कामाचा मला अभिमान होता.

चौथ्या वर्षी घोडी ओल्या गवतावर घसरली. घोडी उठली, मालकीण उठली नाही. हॉस्पिटलात नर्सने कात्री आणली.

"बुटाला कात्री लावलीत तर बघा!" ती ओरडली.

मग तिघांनी मिळून मला ओढून काढलं. त्या वेळी मला भरून आलं. नंतर कळलं, आत घोटा मोडला होता. तो पुढे कायमचा आखडला. पडल्यामुळे की ओढल्यामुळे, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. मी मात्र अजून विचार करतो.

वर्षभराने ती परतली आणि अडथळ्यांवरचे दांडे पडू लागले. दांडा पडला की चार दंडगुण.

"घोडी म्हातारी झाली," ती म्हणाली.

घोडीची सगळी देखभाल तिचा धाकटा भाऊ करतो. "तेरा वर्षांची आहे, ताई. म्हातारी कुठून?"

"मग दांडे काय वाऱ्याने पडतात?"

"तू तिला उगाच दामटतेस."

"तू खरारा कर. मला शिकवू नकोस."

घोडी विकायचं ठरलं. गिऱ्हाईक शनिवारी येणार होतं. भाऊ बहिणीशी बोलेनासा झाला. घोडीशी मात्र बोलायचा, बहिणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

मला कारण ठाऊक होतं. आखडलेल्या घोट्यामुळे माझं पाऊल चार बोटं आखूड पडत होतं. साहजिकच पावलं जास्त भरत. तिला अंतर मोठं वाटे, ती घोडीला पुढे दामटे, आणि घोडी अडथळ्याच्या फार जवळ जाऊन उडी घेई. पण बूट बोलत नाहीत. शुक्रवारी माझा तळ पुढून उसवला. हे मी मुद्दाम केलं, असं छातीठोकपणे म्हणवत नाही.

ती आम्हाला दुरुस्तीला घेऊन गेली. काकांनी दोघांनाही उलटं करून पाहिलं. "मागच्या खेपेला दोन्ही टाचा नव्या लावल्या होत्या. उजव्याची पार झिजलीय, डाव्याची कोरी. टाच टेकवत नाही का हो बाई?"

"टेकवते की."

"मला काय सांगता? बूट बघा."

घरी येऊन तिने पागेमागच्या मैदानात दोन दांडे मांडले. पावलांनी पंचवीस भरली. टेप लावली तर अंतर चोवीस पावलांचं. तीनदा मोजलं. मग भावाला हाक मारली.

"उद्याच्या माणसाला येऊ नका म्हणून सांग."

"कारण काय सांगू?"

"सांग, घोडीत काही दोष नाही."

"मग तर तो धावतच येईल."

तिने टेप गुंडाळली. "मग सांग, दोष मालकिणीत आहे."

पुढच्या अजिंक्यपदाच्या दिवशी मैदान भावाने मोजलं. ती ओठ घट्ट मिटून त्याच्या शेजारून चालली, एकही आकडा न मोजता. इतकं अवघड चालणं मी त्याआधी चाललो नव्हतो. एकही दांडा पडला नाही. अर्ध्या सेकंदाने ती दुसरी आली. भावाने घोडीचं अभिनंदन केलं, मग बहिणीचं.

आता आम्ही पागेच्या दाराशी उभे असतो. माझ्यात मोजायची टेप ठेवतात. माझी विनंती एवढीच, की कुणाला म्हातारं ठरवण्याआधी आपल्या बुटाचा तळ एकदा पाहून घ्या.

तिच्या नव्या बुटांना काकांनी मागून चेन लावली आहे. घालून बघताना ती नर्सला सांगावं तसं भावाला म्हणाली, "वेळ आली तर सरळ कापायचे." मी दाराशीच होतो. थोडं वाईट वाटलं. पण घोट्याच्या बाजूने विचार केला, तर बरंच झालं.