बाळासोच्या कवितेचा सौदा

तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात बाळासो पुकारायला उभा राहिला की त्याच्या आवाजापुढं छताचा पंखापण हळू फिरतोय असं वाटायचं. बॉक्स फोडायचा, मूठभर बेदाणा ताटलीत घालून व्यापाऱ्यांपुढं फिरवायचा आणि एका दमात भाव चढवत न्यायचा. मधे श्वास नाही, थांबणं नाही. व्यापाऱ्यानं बोट वर केलं की बाळासोच्या तोंडातनं पुढचा आकडा बाहेर. अर्धं आयुष्य यातच गेलेलं.

आणि हा माणूस कविता करायचा.

गावात कुणाला पत्ता नव्हता. महिन्यातनं एका रविवारी वाचनालयात प्रांजलच्या लेखन कार्यशाळेला जी सात-आठ माणसं जमायची, तेवढ्यांनाच माहीत. प्रांजल वाचनालयातच कामाला. वयानं पोरगीच, पण शिकवायला लागली की फौजेतनं रिटायर झालेले लालासाहेबसुद्धा पाठ ताठ करून बसायचे. बाळासोनं घरी मात्र सुलाबाईला, म्हणजे बायकोला, सांगितलेलं की पत्ते खेळायला जातो.

"पत्ते?" प्रांजलनं कपाळावर हात मारला. "काका, त्यापेक्षा कविता सांगायची की!"

"आगं, पत्त्याला शिव्या देती ती. कवितेला हसली तर काय करू?"

खरंच होतं ते. शिव्या पचायला अवघड नव्हत्या, हसणं पचलं नसतं. त्यानं मनाशी ठरवूनच टाकलं होतं, सुला हसली की त्या दिवसापासनं लिहिणं बंद.

वर्षाच्या शेवटी प्रांजलनं काव्यमैफल ठेवली आणि अट घातली. ज्याच्यावर कविता लिहिलीय त्याला सोबत आणायचं. लालासाहेबांची कविता त्यांच्या जर्सी गाईवर होती, त्यांना सूट मिळाली. बाळासोची माण तालुक्यातनं लग्न होऊन आलेल्या सुलाबाईवर. त्याला कसली सूट?

वाचनालयात एवढी माणसं मावणार नव्हती, म्हणून नानासोनं सौद्याचा हॉल दिला. नानासो मोठा व्यापारी, बाळासोचा जुना दोस्त. "हॉल माझा, च्या-पाणी माझं. कवितेतलं मला कोण काय इचारू नका," म्हणाला आणि खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून पाच-सहा व्यापारीपण पकडून आणले.

घोळ तिथंच झाला, पण ते नंतर कळलं.

संध्याकाळी सुलाबाई ठेवणीतली साडी नेसून गाडीवर मागं बसली.

"काय वं, पत्त्याच्या अड्ड्यावर बायकास्नीबी बोलावत्यात व्हय आता?"

"कारेक्रम हाय. चल गप."

हॉलच्या दारात 'काव्यमैफल' असा बोर्ड होता. सुलाबाईनं तो वाचला, नवऱ्याकडं बघितलं, परत वाचला. मग पदर सावरून आत गेली.

लालासाहेबांची गाय झाली. टाळ्या पडल्या. मग बाळासोचं नाव.

तो उभा राहिला ती जागा रोजचीच. तेच टेबल. समोर तेच व्यापारी, आणि नानासोच्या पोरांनी खायला म्हणून वाटलेल्या बेदाण्याच्या त्याच ताटल्या मांडीवर. प्रांजलनं खुणेनं सांगितलं, दमानं, ओळीनंतर थांबा. पण बाळासोची जीभ ती रोजची जागा ओळखत होती. तोंड उघडलं आणि गाडी सुटली.

"माणातनंआलीसतवासाडीलामाळावरचीकुसळंहुतीएकएककाढत..."

समोर नानासोनं सवयीनं एक बेदाणा तोंडात टाकला, सवयीनंच मान हलवली आणि बोट वर केलं.

बाळासोला ते बोट दिसलं.

"दोनशे धा!"

मागच्या रांगेतनं अजून एक बोट.

"दोनशे पंधरा!"

मग सगळा हॉल फुटला. नानासोला ठसका लागला. लालासाहेब मिशीत हसून हसून लाल झाले. प्रांजलनंसुद्धा तोंड झाकलं. बाळासोनं सुलाबाईकडं बघितलं. तिच्या तोंडाला पदर होता. हसतेय का काय, कळायला मार्ग नाही.

"ऱ्हाऊ दे प्रांजल," तो टेबलामागनं बाहेर यायला लागला. "माझं काम न्हवं ह्ये."

तेवढ्यात सुलाबाई उठली.

सौद्यात एक रीत असते. कितीपण बोली चढू दे, ज्याचा माल तो शेतकरी कोपऱ्यात बसलेला असतो. त्याला भाव पटला नाही तर तो म्हणतो, द्यायचा न्हाई. संपलं. पुकारा थांबतो, बॉक्स बंद होतो, मोठ्यातला मोठा व्यापारीपण गप बसतो. बाळासो रोज घरी जेवताना हेच तर सांगायचा.

"कविता कुणावर हाय ही?" सुलाबाईनं विचारलं.

प्रांजल म्हणाली, "काकू, तुमच्यावरच."

"मग माल माझा. द्यायचा न्हाई!" ती व्यापाऱ्यांकडं वळली. "नानासो भावजी, बोट खाली. आन् ती ताटलीबी ठिवा तिकडं."

नानासोनं शाळेतल्या पोरागत ताटली खुर्चीखाली सारली.

"आवं," ती नवऱ्याला म्हणाली, "आता वाचा. दमानं. मला कुटं जायचं न्हाई."

बाळासो परत उभा राहिला. टेबल सोडून, जरा अलीकडं. श्वास घेतला.

"माणातनं आलीस तवा
साडीला माळावरची कुसळं हुती.
एक एक काढत बसलीस
माझ्या दारात, खाली मान घालून.
मी बघितलं.
इचारलं न्हाई.
आज इचारतो,
टोचली का गं?"

हॉलमधे नुसता पंख्याचा आवाज. टाळ्यासुद्धा उशिरा आल्या, आणि पहिली टाळी नानासोची. सुलाबाई खाली बघत पदराचा काठ चाचपत होती, जणू अजून एखादं कुसळ राहिलंय.

घरी येताना ती गाडीवर मागं बसली होती. बाळासोनं दोनदा आरशात बघितलं, पण अंधारात काय दिसणार. द्राक्षबागा मागं पडल्या, ओढ्यावरचा पूल गेला.

"टोचली हुती," मागनं आवाज आला.

बाळासोनं गाडी हळू केली.

"लय न्हाई," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "दुसऱ्या दिवशी तुमीच दारातली कुसळं झाडून काडली. सासूबाई काय काय बोलल्या तुमाला. मला वाटलं इसरला आसाल."

त्याला खरंच आठवत नव्हतं. ही गोष्ट कवितेत नव्हती. आता घालावी लागणार होती.

"आनी आयका," सुलाबाईनं त्याच्या खांद्यावर बोट टोचलं. "पुडच्या खेपंला डबा दिती करून. पत्तं कुटून कुटून भूक लागत आसंल."