इंजिन चालू होतं

दुसरा गिअर पडला आणि साधनाची मान पुढे जाऊन मागे आदळली. शेजारच्या सीटवर चंद्रभान डोळे मिटून बसला होता. झोपला नव्हता, तपासायची त्याची रीतच ती होती. डोळे मिटायचे, तळहात गिअरच्या दांड्यावर ठेवायचा आणि गाडीला बोलू द्यायचं. दर्यापूर लाइनच्या जीपवाल्यांत या तळहाताचं मोठं नाव होतं. कोणत्या गिअरचा दात झिजला, कोणतं बेअरिंग जायला आलं, हे तो गिअरची पेटी न खोलता सांगायचा आणि खोलल्यावर तेच निघायचं. अमरावतीत बडनेरा रोडवर त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. त्यावर ना पाटी ना फोन नंबर. कधी गरजच पडली नाही.

पण या गाडीचा दांडा मुका होता. गाडी ऑटोमॅटिक. पायाखाली क्लच नाही, गिअर आपले आपण पडायचे आणि दांड्याने फक्त पुढे जायचं की मागे एवढं सांगायचं. चंद्रभानच्या तळहाताला काहीही कळत नव्हतं. तरी त्याने हात काढला नाही, कारण काढला असता तर बहिणीला ते लगेच समजलं असतं.

"समजलं काई, दादा?" साधनाने विचारलं.

"एकडाव थांबव अन् पुन्हा काढ," तो म्हणाला.

वलगाव रोडला त्यांनी तसं बऱ्याचदा करून पाहिलं. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दर वेळी हिसका. गाडी तापली की वरच्या गिअरलाही. शिवाय थांबताना खालून एक ठोका. चंद्रभानने अंदाज बांधला, ज्या रबरावर इंजिन बसतं ते रबर फाटलं असेल. तो अंदाज बरोबर निघाला, आणि खरं तर तिथेच घात झाला. रबर बदलल्यावर ठोका गेला, हिसका निम्मा झाला आणि चंद्रभानला वाटलं, ऑटोमॅटिक ऑटोमॅटिक म्हणून लोक उगाच बाऊ करतात; शेवटी गाडी ती गाडीच.

साधना त्याची पाठची बहीण. लहानपणी तापाचं निमित्त झालं आणि तिच्या डाव्या पायातला जोर गेला तो गेलाच. मोर्शीकडे त्यांच्या बापाची संत्र्याची बाग होती. बागेत चंद्रभानला रस नव्हता आणि साधनाला पाय नव्हता, म्हणून एक मेकॅनिक झाला आणि दुसरी मास्तरीण. तिची शाळा दर्यापूरला, राहणं अमरावतीत. जीपने जायची. जीपची पायरी तिच्या कमरेइतकी. कोणीतरी काखेत हात घालून तिला वर घ्यायचं, तेव्हा ती सीटवर बसायची. रोज सकाळी, रोज संध्याकाळी, नोकरी लागल्यापासून. बहुतेकांचे हात चांगले होते. काहींचे नव्हते. तिने हे कधी घरात बोलून दाखवलं नाही, पण चंद्रभानला जीपवाले सगळे माहीत होते आणि जे समजायचं ते तो समजला होता.

बाग विकली तेव्हा आपल्या वाट्यात तिने ही गाडी घेतली, जुनीच, पण एका पायाने चालणारी. गाडी घरी आली त्या दिवशी तिने भावाला आणि भावजयीला, बेबीताईंना, मागे बसवून मोर्शीपर्यंत नेलं. वाटेत पेट्रोल पंपावरचा माणूस तिला आधार द्यायला धावला तेव्हा तिने काच अर्धी खाली करून सांगितलं, लागत नाही. दार स्वतः उघडलं, कुबडी काढली, उतरली, हवा तपासली आणि परत बसली. चंद्रभान मागच्या सीटवरून हे पाहत होता. बाप गेला तेव्हा रडला नव्हता तो, त्या दिवशी खिडकीकडे तोंड फिरवून बसला. पुढे जीपस्टँडवर कोणी तिची चौकशी केली की तो म्हणायचा, ती आता कोणाच्या हाताने चढत नाही.

हिसका पूर्ण जात नाही हे पाहून साधना जेव्हा म्हणाली की अकोल्याला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच काम करणारा एक मुलगा आहे, त्याला दाखवू, तेव्हा चंद्रभानला ते झोंबलं. घरात मेकॅनिक असताना बहिणीची गाडी परक्या गावच्या पोराकडे जाणार, हे जीपस्टँडला कळलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. पेटीचं तेल जळलं असेल, तेल बदललं की झालं, असं त्याने सांगितलं. साधनाला भावाचं मन मोडवत नसे. ती रविवारी गाडी घेऊन गॅरेजवर आली.

चंद्रभान गाडीखाली गेला. साधना स्टुलावर बसून बॅटरीचा उजेड धरत होती, दुसऱ्या हातात मोबाइल. तेलाची पातळी बघायची कांडी या पेटीला नव्हतीच. खाली एक नट होता, तो उघडायचा आणि जास्तीचं तेल वाहून थेंब थेंब गळायला लागलं की पातळी बरोबर समजायची. चंद्रभान पान्याने तो नट ढिला करू लागला.

"दादा, याच्यात सांगून राह्यले का इंजिन चालू ठेवून पाहा लागते," साधना मोबाइल बघत म्हणाली. "गाडी गरम झाली पायजे म्हनते."

"चालू गाडीचा नट खोलनारा मेकॅनिक म्या तरी पायला नाई," खालून आवाज आला. "हात भाजून घ्यायचा काय? तू उजेड धर."

तिने उजेड धरला. त्याचंही काही अगदी चूक नव्हतं. आयुष्यभर त्याने ज्या पेट्या हाताळल्या त्यांचं तेल इंजिन बंद करून, गाडी थंड करूनच बघायचं असतं. जीपची पेटी तशीच, ट्रकची तशीच, ट्रॅक्टरचीही तशीच. काळं तेल निघालं, त्याला जळका वास होता, आणि तो वास बघून चंद्रभान खूश झाला. बघ, म्हणाला, सांगितलं नव्हतं मी? सगळं काढलं. कंपनीने सांगितलेलं नवं तेल, अगदी तेच, दुकानदाराशी वाद घालून आणलेलं, वरून भरलं. खालच्या नटातून ते वाहायला लागलं तसं वाहू दिलं, थेंब पडू लागले तसा नट बसवला. इंजिन सबंध वेळ बंद होतं. मग त्याने हात पुसले आणि दोघांनी चहा घेतला. त्या संध्याकाळी साधनाने त्याच्यासाठी घरून वांग्याची भाजी पाठवली. गाडी मऊ चालते, असा निरोपही दिला.

आठवडाभर चालली तशी. नंतर गाडी वेगळंच वागू लागली. गिअर बदलायच्या वेळी इंजिन नुसतंच गरजायचं, गाडी हलायची नाही, आणि मग एकदम धाडकन गिअर पडायचा. साधनाने फोन केला. नवं तेल आहे, पेटीच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो, असं चंद्रभानने सांगितलं. पुन्हा फोन आला तेव्हा तो स्वतः जाऊन एक चक्कर मारून आला. डोळे मिटले नाहीत, हातही ठेवला नाही. काहीतरी बिनसलंय, आणि ते आपल्याच हातून बिनसलंय, हे त्याला त्या चकरेत कळलं होतं. पण काय बिनसलं ते कळत नव्हतं, आणि कळत नाही हे कोणाला सांगायची त्याला सवय नव्हती.

"चालू दे," त्याने चावी तिच्या हातात दिली. "म्या हाये ना."

ती चालवत राहिली. भाऊ म्हणाला म्हणून चालवत राहिली.

खोलापूरच्या पुढे कपाशीच्या रानात एका सकाळी गाडी थांबली. इंजिन चालू, दांडा पुढे टाकलेला, आणि चाक फिरायला तयार नाही. शाळेच्या वेळेला तिथून जाणाऱ्या जीपने साधनाला उचलून नेलं. गाडी दुपारी टोचन करून अकोल्याला गेली. या वेळी साधनाने भावाला विचारलं नाही, फक्त कळवलं. दोन दिवसांनी पेटी खोलून झाली तेव्हा दोघं एसटीने अकोल्याला गेली.

वाशीम बायपासला त्या मुलाचं गॅरेज होतं. जीवन त्याचं नाव. तिशीचा असेल, बोलायला सौम्य. त्याने बाईंना खुर्ची दिली, काकांनाही दिली. चंद्रभान बसला नाही. टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर पेटीच्या आतल्या क्लचच्या चकत्या मांडल्या होत्या. त्या कोळशासारख्या काळ्या झाल्या होत्या. जीवनने एक उचलली आणि बोटाने घासली, तर तिच्यावरचा थर भुकटी होऊन गळून पडला.

"तेल कमी पडलं हिले," तो म्हणाला. "लय कमी. तेलच नाई तं क्लच पकडन कशाने? घासू घासू जळल्या साऱ्या."

साधनाने विचारलं, नीट होईल का. जीवनने मान हलवली. कंपनीने हे मॉडेल कधीच बंद केलंय, याचं सामान मिळत नाही. त्याने नागपूरला विचारलं, पुण्याला विचारलं. जुनी पेटी कुठे भंगारात मिळाली तर बघतो म्हणाला, पण तसं तो सगळ्यांनाच म्हणत असावा, कारण ते म्हणताना त्याने नजर दुसरीकडे वळवली. मग चंद्रभानने न विचारताच तो एक गोष्ट बोलून गेला, आणि ती त्याने सांगितली नसती तर बरं झालं असतं. मूळचा दोष अगदी साधा होता. आत तेल वळवणारा एक छोटा व्हॉल्व्ह कचऱ्याने अडकत होता. साफ केला असता तर हिसका गेला असता. दिवसभराचं काम.

साधना त्या चकत्यांकडे बघत होती. तिला दुसरी गाडी घ्यायची म्हटली तरी विकायला आता बाग नव्हती, आणि निवृत्तीला बरीच वर्षं होती. तेवढी वर्षं आता रोज सकाळ-संध्याकाळ जीपची पायरी होती आणि काखेत येणारे हात होते. हे सगळं तिच्या चेहऱ्यावर एकाच वेळी आलेलं चंद्रभानला दिसलं. त्याला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

जीवनने सहज विचारलं, दोष काढायच्या हेतूने नव्हे, "काका, तेल तुमी बदललं ना? लेव्हल पायली तवा इंजिन चालू होतं ना? बंद असलं का वरचं सारं तेल खाली उतरते, मंग भरल्यासारखं वाटते अन् आत कमीच राह्यते. लय जनाचं चुकते ते."

केवढी सोपी वाट त्या पोराने करून दिली होती. लय जणांचं चुकतं. चंद्रभानने फक्त हो म्हणायचं होतं. साधना काही बोलली नसती. तिने आयुष्यात त्याच्या किती चुका पोटात घातल्या होत्या, ही एवढी मोठीही घातली असती. रडली असती, दोन दिवस अबोला धरला असता आणि तिसऱ्या दिवशी भाजी पाठवली असती. त्याला हे माहीत होतं. पण त्याच वेळी त्याला दर्यापूरची सगळी जीपलाइन दिसली, तो तळहात दिसला, आणि तोंडून निघून गेलं.

"चालू होतं," तो म्हणाला. "इंजिन चालूच होतं."

जीवनने चकती वर्तमानपत्रावर ठेवली. "मंग जुनी गाडी हाये, काका," तो हळूच म्हणाला. "होते असं."

चंद्रभानने बहिणीकडे पाहिलं नाही. बॅटरीचा उजेड धरून ती तिथे बसली होती, तिने वाचून दाखवलं होतं, आणि तो काय म्हणाला होता तेही तिच्या कानावर होतं. तिने जीवनचे आभार मानले, गाडीतली पाण्याची बाटली आणि मुलांच्या वह्यांची पिशवी काढून घेतली, कुबडी सावरली आणि चालू लागली. रिक्षात दोघं शेजारी बसली होती. सांगून टाकावं असं त्याला तीनदा वाटलं असेल. प्रत्येक वेळी तो बाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचू लागला.

अकोल्याच्या बसस्थानकावर अमरावतीची गाडी लागलेली होती. दाराशी गर्दी. लोकांनी बाईंना बघून वाट दिली. चंद्रभान पुढे झाला, पिशवी खांद्याला अडकवली आणि लहानपणी शाळेत नेताना द्यायचा तसा हात पुढे केला.

साधनाने त्या हाताकडे पाहिलं. मग वर, दारात उभ्या असलेल्या अनोळखी कंडक्टरकडे.

"कंडक्टर साहेब," ती म्हणाली, "मले जरा वर घेता काय?"

कंडक्टर दोन पायऱ्या खाली उतरला. त्याने तिच्या काखेत हात घातला आणि तिला उचलून वर घेतलं. तिची कुबडी दांडीला अडकली, ती त्यानेच सोडवली. ती आत गेली आणि पलीकडच्या खिडकीजवळ बसली.

चंद्रभानचा हात अजून तसाच पुढे होता. मागून कोणीतरी म्हणालं, "काका, चढता का बाजूले होता?"

तो बाजूला झाला.